बाईसाहेबांची देखभाल

पाऊस उघडला आणि क्वारची, म्हणजे आश्विनातली, धूप पाठीत घुसायला लागली, की माझा फोन वाजायला लागतो. महाराष्ट्रातले लोक तिला ऑक्टोबर हीट म्हणतात. आम्ही इंदूरचे मराठी. तीन पिढ्या इथे काढल्यावर आमच्या उन्हाचं नावसुद्धा माळव्याचंच झालंय. सोयाबीन कापून रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं असतं, हवेत त्याचा कोरडा, तेलकट वास असतो, नवरात्र तोंडावर आलेलं असतं, आणि शहरातल्या हौशी मंडळींना एकदम आठवतं की आपल्या गॅरेजात एक जुनी गाडी आहे आणि दसऱ्याला तिची पूजा करायची आहे. वर्षभर ती कुठे होती, कशी होती, विचारू नका. "दीदी, बॅटरी बैठ गई." "मॅडम, धूर फार मारतेय हो." मारणारच. वर्षभर अंधारात कोंडून ठेवलं तर तुम्हीसुद्धा माराल.

पोलोग्राउंडला माझं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्यांची इंजिनं, कार्ब्युरेटर, पंप. आधी वडिलांच्या सोबत बघत होते, ते गेल्यापासून एकटी बघते. लोक येतात, चहा पितात आणि म्हणतात, "किती प्रेम आहे हो तुमचं जुन्या गाड्यांवर!" काडीचं नाही. मला हे काम येतं म्हणून मी ते करते. प्रेम बाबांनी केलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

यंदाचा फोन निखिल नावाच्या मुलाचा होता. मूळचा पुण्याचा, इथे एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. आवाज असा आनंदी, की मला तिथेच राग आला. "काकू, मी एक इटालियन स्पोर्ट्स कार घेतलीय. साठच्या दशकातली. मला जरा मेंटेनन्सबद्दल गायडन्स हवा होता."

"काकू म्हणू नका," मी म्हटलं. "आणि घेण्याआधी विचारायचं असतं, घेतल्यावर नाही."

"दोन दारांची आहे, फिकट निळी. मूळची म्हणे इंदूरच्याच कुठल्या तरी गिरणीमालकाची. एक गंमत आहे, पुढच्या बंपरखाली कोणीतरी पितळेची कडी लावलीय. कशासाठी ते मात्र कोणालाच सांगता येत नाही."

माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. तो मी खाली ठेवला. ती कडी बाबांनी मल्हारगंजच्या एका गल्लीत, पितळेचं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बसून घडवून घेतली होती. "लिंबू-मिरची अडकवायला आहे ती," मी म्हटलं. "ट्रकवर घालून घेऊन या. आणि स्टार्ट करायची नाही. ऐकताय ना? मी बघेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही."

म्हणजे बाईसाहेब परत आल्या होत्या. बाबा तिला बाईसाहेबच म्हणायचे. आई त्यावर नाक मुरडायची, आणि मी तर तिला बयाच म्हणायचे.

आता मालक मंडळींसाठी सांगते, कारण तुम्ही सगळे सारखेच असता. गाडी घरी आली की पहिलं काम तुम्ही काय करता? पाइप लावून धुता. नका धुऊ! इटालियन माणसाने इंजिन असं काही बनवलंय की कान तृप्त होतात, पण पत्रा वापरलाय पापडासारखा. दाराखालच्या पोकळ पेटीत पाणी शिरतं आणि तिथेच बसतं. बाहेरून रंग चकचकीत, आत सगळं गंजून भुगा. एक दिवस पाय ठेवलात की पाय रस्त्यावर. ओलं फडकं फिरवा, कोरडं फिरवा, झालं. आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर आधी फेकून द्या. त्याच्याखाली गाडीला घाम येतो. सुती कव्हर घाला. बाईसाहेबांना आमच्या गिरणीच्या मांजरपाटाचं कव्हर होतं, विणकर खात्यातल्या लोकांनी मुद्दाम दुहेरी पन्ह्याचं काढून दिलेलं. त्याला खळीचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो, गाडी नाही आवडत.

निखिलची गाडी उतरवली तेव्हा तिच्यावर तेच चंदेरी प्लॅस्टिक होतं. मी ते ओढलं आणि भंगारात टाकलं. तो "अहो, ते इम्पोर्टेड..." एवढंच म्हणाला.

ज्या वर्षी गिरणी बंद झाली त्या वर्षीही धूप अशीच होती. वर्तमानपत्रांत रोज देश उघडल्याच्या बातम्या, दरवाजे खुले, खिडक्या खुल्या, आणि आमच्या परदेशीपुऱ्यात गिरणीच्या फाटकाला कुलूप. पिथमपूरच्या नव्या कारखान्यांच्या बसगाड्या सकाळी चाळीसमोरून जायच्या, खिडक्यांत इस्त्रीचे युनिफॉर्म. आमच्या गल्लीतले बाप ओट्यावर बसून त्या बसकडे बघायचे. गिरणीचा भोंगा बंद पडला होता आणि त्यामुळे सगळ्या घरांचं वेळापत्रक मोडलं होतं. आईची कुकरची शिट्टी भोंग्यावर ठरलेली असायची. ती बाई कित्येक दिवस भात करपवत होती.

बाबा गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते, पण त्यांची खरी ओळख म्हणजे शेठच्या इटालियन गाडीचा माणूस. आणि त्याची त्यांना घमेंड होती, उगाच कशाला खोटं बोलू. पांढरा शर्ट घालून इंजिनात हात घालायचे आणि बाहीवर डाग पडू द्यायचे नाहीत. कोणी दुसऱ्याने बॉनेटला हात लावला की भांडण. घरात नळ गळत असला तरी "तो माझा विषय नाही" म्हणायचे. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी ते गाडीचे प्लग साफ करत होते. मी पहिल्या वर्गात पास झाले हे सांगायला मी बंगल्यावर गेले, तर म्हणाले, "वा! जरा ती टॉर्च धर."

गिरणीला कुलूप लागलं, शेठ मुंबईला निघून गेले, बंगला बंद झाला. पण गॅरेजची किल्ली बाबांकडेच राहिली, कारण गाडी आत होती. आणि इथे सगळी फसगत झाली. गिरणीतल्या लोकांनी एक हिशोब मांडला. शेठला गाडी जीव की प्राण. गाडी अजून इथे आहे. म्हणजे शेठ परत येणार. म्हणजे गिरणी उघडणार. युनियनचे पुढारी काय म्हणतात, कोर्टात काय चाललंय, यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. गाडीवर होता. एवढ्या मोठ्या गिरणीतली शेकडो माणसं एका निळ्या मोटारीकडे डोळे लावून बसली होती. आज सांगते तर लोक हसतात. हसा बापडे.

बद्रीकाका आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. लूमखात्यात होते, बाबांपेक्षा वयाने लहान, बाबांना भिया, म्हणजे इंदुरी भाषेत भाऊ, म्हणायचे. दोघांची जोडी अशी, की एकाने विडी काढली की दुसऱ्याने काडी ओढायची. रोज सकाळी दात घासता घासता ते आमच्या दाराशी येऊन विचारायचे, "भिया, गाडी है ना?"

"है."

"चालू है?"

"एकदम. काल आवाज ऐकून आलोय तिचा."

मग ते चूळ भरायचे आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा. त्यांच्या मेहुण्याने सुरतेला यंत्रमागावर त्यांची सोय लावली होती. दसऱ्यापर्यंत ये, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असा निरोप होता. काकू पेटी भरून बसली होती. पण काका निघत नव्हते. सुरतेला गेलो आणि मागे गिरणी उघडली तर? वीस वर्षांची नोकरी, खात्यातली ठरलेली जागा, स्वतःचे माग. "भिया बोलेगा तो जाऊंगा," असं ते आईला म्हणाले होते. म्हणजे त्यांचं सुरतेला जाणं-न जाणं बाबांच्या तोंडावर होतं, आणि बाबांचं तोंड त्या गाडीवर.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला हे सगळं दिसत होतं. "बाबा, गाडी आहे म्हणून गिरणी उघडेल, हे कुठलं लॉजिक आहे?" मी विचारलं, तर म्हणाले, "तुला माणसं कळत नाहीत. ज्या माणसाने ही गाडी सांभाळली तो गिरणी मरू देणार नाही." मी म्हटलं, "गाडी त्यांनी नाही, तुम्ही सांभाळलीय." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट. ही तुमच्यापैकी दर दुसऱ्या माणसाची चूक असते, म्हणून नीट वाचा. रविवारी सकाळी उठायचं, गॅरेजात जायचं, गाडी जागच्या जागी पाच मिनिटं चालू करायची, आवाज ऐकून खूश व्हायचं आणि बंद करून पोहे खायला जायचं. याला तुम्ही देखभाल म्हणता. अरे, तुम्ही तिला मारताय! इंजिन कोमट होतं, आत पाणी सुटतं, ते उडून जाण्याएवढी गरमी होतच नाही. ऑइल खराब, सायलेन्सर आतून सडलेला. एक तर हात लावू नका, नाहीतर बाहेर काढा आणि ऑइल चांगलं तापेपर्यंत चालवा. उभी ठेवून चालवायची नाही म्हणजे नाही. माझ्या वर्कशॉपात हा एकच नियम मी मोठ्या अक्षरात लिहून लावलाय.

हा नियम बाबांचाच. पण त्या वर्षी त्यांनी तो मोडला. बंगल्याचं फाटक उघडायची त्यांना परवानगी नव्हती, आणि लोकांना तर आवाज ऐकायचा होता. फाटकाबाहेर लोक थांबायचे, बाबा आत गाडी स्टार्ट करायचे. जरा वेळाने बंद. बाहेरून कोणीतरी ओरडायचा, "जय हो भिया!" मग लोक घरी जायचे. गाडीचं वाटोळं होतंय हे बाबांना कळत होतं.

निखिलने सगळं वाचलेलं होतं, हे मात्र कबूल करते. जगभरच्या मालकांची मतं त्याच्या मोबाइलमध्ये होती. मी पेट्रोलच्या नळ्या बघून ठीक आहेत म्हटलं तर तो म्हणाला, "नाही, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर ते खातं." नळी वाकवून बघितली तर खरंच बारीक चिरा. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं असतं तर गाडीचा कोळसा झाला असता. सगळ्या नळ्या बदलल्या. तेव्हा मालकांनो, तुम्हीही बदला, आणि सीटखाली आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा. मुलगा हुशार आहे हे त्याला मी सांगितलं नाही. आधीच फुगलेला होता.

नवरात्राच्या तोंडावर शेठचे मुनीम मुंबईहून आले. बाबांना बंगल्यावर बोलावून म्हणाले, "दशहरे पे गाडी एकदम टनाटन चाहिए. साहब के मेहमान आ रहे हैं."

बाबा घरी आले ते जवळजवळ पळतच. पायातल्या चपला न काढता आत येऊन आईला म्हणाले, "शेठ येतोय! दसऱ्याला!" मुनीम पाहुणे म्हणाले होते. बाबांनी शेठ ऐकलं असंही नाही, त्यांनी पाहुणेच ऐकलं. पण पाहुणे येणार म्हणजे शेठ येणार, आणि शेठ दसऱ्याला येणार म्हणजे कशाला, तर पूजेला. दर दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. प्रत्येक खात्यात मागांना हार, तेल-शेंदूर, प्रसाद, आणि शेठ स्वतः फिरून सगळ्यांच्या हातून सोनं घ्यायचे. बाबांच्या डोक्यात चित्र तयार झालं होतं. त्यात कुलूप उघडलेलं होतं.

बद्रीकाका अंगणात उभे होते. "भिया, सच्ची?"

"सच्ची. सुरत-फिरत विसर आता."

काकांनी त्याच संध्याकाळी मेहुण्याला निरोप धाडला की येत नाही. काकूने पेटीतले कपडे परत खुंटीवर लावले. मी ओट्यावरून बघत होते. बाबांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता.

मग ते नऊ दिवस बाबा गॅरेजातून हलले नाहीत. मी डबा घेऊन जायचे. सराफ्यातल्या एका कारागिराकडून बारीक कानस आणली होती, तिने इग्निशनचे पॉइंट घासून साफ केले. वायरिंगचं म्हणाल तर, मालकांनो, दिवे मंद झाले, हॉर्न भुंकेनासा झाला की लगेच बॅटरी बदलायला धावू नका. आधी अर्थिंगच्या जागा खरवडून घ्या. इटालियन गाडीची निम्मी नाटकं तिथेच असतात. आणि दोन कार्ब्युरेटर बाबा कसे जुळवायचे ते मी तेव्हा बघितलं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. एकाचं फुसफुसणं ऐकायचं, मग दुसऱ्याचं, मग स्क्रू किंचित फिरवायचा. डोळे मिटलेले. आमच्यापैकी कोणाचं म्हणणं त्यांनी इतकं कान देऊन कधी ऐकलं नाही. मला त्या दिवशी त्या गाडीचा असा मत्सर वाटला, की हातातला डबा तिच्या बॉनेटवर आपटावा. आपटला नाही. आत भरलेलं वांगं होतं.

दसऱ्याला सकाळपासून बंगल्यासमोर माणसं जमली, आणि त्या दिवसापुरतं मुनीमांनी फाटक उघडायला सांगितलं होतं. गिरणीचं फाटक बंदच होतं, तेव्हा पूजा कशाची करायची? गिरणीचं चालू राहिलेलं एकच यंत्र होतं, ते गॅरेजात उभं होतं. लोकांनी धुतलेले सदरे घातले होते. लूमखात्याने झेंडूचा हार आणला, आपल्या मागांना घालायचे तेवढाच जाड. बद्रीकाकांनी चार लिंबं आणली, चारी चाकांखाली ठेवली. बाबांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ बाजूच्या दगडावर फोडला. रंगाला पाणी लागू नये म्हणून तिथेही काळजी. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आपट्याची पानं होती, शेठला द्यायला.

मुनीम आले. सोबत दोन अनोळखी माणसं, काळे चष्मे, दिल्लीकडची बोली. शेठ नव्हते. "पीछे आ रहे होंगे," कोणीतरी म्हणालं. बाबांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. तो आवाज मी कितीही चिडले तरी मान्य करते. आधी घसा खाकरल्यासारखं, मग एकदम भरून आलेलं. मागच्या रांगेतले लोक टाचा उंचावून बघायला लागले. काळ्या चष्म्यातला एक माणूस हसून दुसऱ्याला म्हणाला, "मजा आ गया." मग बाबांना हाताने बाजूला व्हायची खूण केली, आत बसला, दुसरा बाजूला बसला. लोकांना वाटलं, एक चक्कर मारतील. टाळ्या वाजल्या. टायरखालची लिंबं चिरडली आणि हार घातलेली गाडी फाटकातून बाहेर पडली.

लोक थांबले. प्रसाद वाटून झाला. दुपार झाली, उन्हात उभे होते, कोणी सावलीतसुद्धा जाईना. बाबा फाटकाशी उभे, अधूनमधून खिसा चाचपून बघायचे, पानं आहेत ना. मुनीम पेटीत कागद भरून निघाले, तेव्हा बाबांनी विचारलं, "गाडी कब तक लौटेगी?"

मुनीमांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी भलतंच विचारलं. "लौटेगी क्यों? दिल्ली गई. बिक गई भाई."

मी फाटकाच्या आतच होते, मी ऐकलं. बाहेरच्यांनीही ऐकलं. कोणी ओरडलं नाही, दगड उचलला नाही. ती माणसं पूजेला आली होती, त्यांच्या हातात प्रसाद होता. हळूहळू सगळे निघून गेले. आपणच वाजतगाजत, हार घालून, नारळ फोडून तिची पाठवणी केली, हे घरी जाताना एकेकाच्या लक्षात येत गेलं असेल. शेठला मी कधी माफ केलं नाही. ते बिचारे वारले म्हणून कोणीतरी मला मागे सांगितलं, मी म्हटलं, बरं.

बद्रीकाका शेवटपर्यंत थांबले होते. बाबा त्यांच्याकडे गेले. काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "चलता हूं, साहब."

साहब! त्या दिवसापासून त्यांनी बाबांना कधी भिया म्हटलं नाही. भांडले नाहीत, दोष दिला नाही, दिसले की हात जोडून "नमस्ते साहब". सुरतेची जागा गेली होती. ते हमाली करत राहिले, नंतर बंगला पाडून तिथे मॅरेज गार्डन झालं तर त्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून लागले. बाबांनी पोलोग्राउंडला वर्कशॉप टाकलं. वर्षानुवर्षं दसऱ्याला ते सोनं घेऊन काकांच्या दाराशी जायचे. काका पानं घ्यायचे, कपाळाला लावायचे, आणि म्हणायचे, "मेहरबानी, साहब." बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत. "त्याला वाटतं, गाडी विकणार हे मला माहीत होतं," एवढंच म्हणायचे. वाटत असेल तर वाटू द्या, असं मी म्हणायचे. पण त्यांना ते कधीच पचलं नाही. बाबा गेले तेव्हा काका आले, खांदा दिला, एक शब्द न बोलता निघून गेले. मी त्यांच्याशी बोलणं सोडून दिलं. तुमचं नुकसान झालं हे खरं, पण माणूस मरेपर्यंत शिक्षा?

तर यंदा गाडी तयार झाली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. निखिलने हार आणला होता, लिंबं आणली होती. मी म्हटलं, "माझ्या वर्कशॉपात या गाडीची पूजा होणार नाही." त्याचा चेहरा उतरला. का, म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तेवढंच, थोड्या जास्त शिव्या घालून. तो बराच वेळ हारातल्या झेंडूच्या पाकळ्या खुडत बसला. मग म्हणाला, "काकू, मला पुण्याला जॉब मिळालाय. मी पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन जातोय."

म्हणजे बाईसाहेब परत इंदूर सोडून चालल्या होत्या.

"चला, टेस्ट ड्राइव्हला," मी म्हटलं. "आधी ऑइल तापू द्या, मग पळवा." आम्ही उन्हातून निघालो. एका वळणावर मी म्हटलं, इथून आत घ्या. मॅरेज गार्डनच्या फाटकाशी थांबवायला सांगितलं. खांब अजून बंगल्याचेच आहेत, फक्त गुलाबी रंग फासलाय. "बंद करा इंजिन. या वेळी सांगून जायचं."

बद्रीकाका खुर्चीवर बसले होते. आता काम होत नाही त्यांच्याने, पण मालक काढत नाही. गाडी बघून ते उठले. माझ्याकडे बघितलंच नाही. काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली, मग कसेबसे वाकले आणि बंपरखालची पितळी कडी बोटाने हलवून बघितली.

"किसकी है अब?"

"मेरी है, काका," निखिल म्हणाला. "पूना ले जा रहा हूं."

"बेचोगे?"

"नहीं, नहीं."

"बेचो तो बता के बेचना," काका म्हणाले. "हमारे भिया को किसी ने बताया नहीं था."

मी दार उघडून बाहेर आले. माझा आवाज इतका चढला की आतले मांडववाले बघायला आले. "काका, तुम्हाला माहीत होतं? त्यांना कोणी सांगितलं नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"उसी दिन से. उसका मुंह देखा था मैंने."

"मग बोलला का नाहीत? साहब साहब करत राहिलात जन्मभर! तो माणूस झुरत गेला!"

काकांनी कडीवरचा हात काढला नाही. "गुस्सा था," ते म्हणाले. "बाद में गुस्सा भी नहीं था. सोचा, गाडी लौटेगी तब बोलूंगा."

मला त्यांच्या हातातली काठी हिसकावून फेकून द्यावीशी वाटली. त्यांच्या पायाशी बसावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. निखिलकडे वळले आणि म्हटलं, "स्टार्ट करा."

त्याने केली. तोच आवाज, आधी घसा खाकरणं, मग भरून येणं. काकांनी मान खाली घातली आणि तळहात बॉनेटवर सपाट ठेवला. निखिलने थोडा वेळ वाट बघितली, मग खिडकीतून डोकं बाहेर काढून हळूच म्हणाला, "काकू, उभी ठेवून चालवायची नाही ना?"

"गप्प बसा," मी म्हटलं. "काकांना ऐकू द्या."